पितळेचा घोळ : ओला आणि कोरडा

भाच्याचा फोन आला तेव्हा भडगावात पहाटेचे साडेपाच वाजले होते. तो टेक्सासात असतो. त्याची संध्याकाळ आणि माझा पहिला चहा एकाच वेळी येतात. ख्यालीखुशाली झाल्यावर त्यानं विचारलं, "मामा, आजी पितळेची भांडी राखेनं घासायची की चिंचेनं?" मला वाटलं, नेलेली समई काळी पडली असेल. म्हटलं, आधी राखेनं, मग चिंचेनं, दोघांचं काम वेगळं. तर म्हणतो, "समई नाही मामा, पुंगळ्या आहेत. बंदुकीच्या."

ही पुस्तिका त्या फोनमधून निघाली. तिकडे नेमबाजीचा नाद असलेले पुष्कळ लोक उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून देत नाहीत. ती साफ करतात, मापात आणतात आणि पुन्हा भरून वापरतात. एकेक पुंगळी पाच-सात वेळा, कधी त्याहून जास्त वेळा फिरते. त्यातलं पहिलं काम सफाईचं आणि सगळ्यात मोठं भांडणही त्याच्यावरूनच. एक पंथ म्हणतो, कोरड्या भुशात घोळवा. दुसरा म्हणतो, साबणाच्या पाण्यात स्टीलच्या बारीक पिना घालून घोळवा. भाचा या दोन पंथांच्या मधे उभा होता. मामानं आयुष्यभर पितळेची भांडी विकली, मामाला विचारू, असा त्याचा हिशेब. मामाला त्या दिवशी काहीच सांगता आलं नाही. मग मामानं कुलरची जुनी मोटर काढली.

त्याआधी एक खुलासा करायला हवा, नाहीतर पुस्तिका चुकीच्या हातात जाईल. आपल्याकडे 'पुंगळी' हा शब्द बहुधा बातमीत भेटतो : घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. पोलिसांच्या सरावात उडवलेल्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात. धुळ्याला राज्य राखीव दलाचा सहावा गट आहे. तिथला कोणी ओळखीचा असेल तर विचारून पाहा, एक पुंगळी कमी भरली की काय होतं ते. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस तयार करणं गुन्हा आहे. तेव्हा काडतूस कसं भरावं यावर इथं एक ओळही नाही. विषय पितळेचा आहे : ते मळतं कशानं, उजळतं कशानं, आणि उजळताना काय बिघडतं. पुंगळी हे त्याचं सगळ्यात कडक उदाहरण, म्हणून ती पुढे धरली आहे. निरांजन थोडं चुकीचं घासलं गेलं तर देव रागावत नाही. पुंगळीला मात्र रायफलच्या आत चार हजार वातावरणांच्या आसपास दाब सोसायचा असतो, आणि तोही नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर.

आणखी एक गैरसमज इथंच काढून टाकतो. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकात नेमबाजीचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा शेजारच्या पोरानं विचारलं होतं, त्याच्या पुंगळ्या कोण घासतं? कोणी नाही. पन्नास मीटरच्या त्या रायफलीचं काडतूस पॉइंट टू-टू जातीचं. त्यात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत, काठाच्या घडीत भरलेला असतो. घोडा त्या काठावरच पडतो आणि काठ चेपून जातो. ती पुंगळी एकदाच वापरायची. पुन्हा भरता येते ती बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी बसवलेली, आणि त्यातही टोपीखाली एकच छिद्र असलेली सोपी. जुन्या लष्करी पुंगळ्यांत बऱ्याचदा दोन बारीक छिद्रं असतात. त्यांची टोपी काढताना जीव जातो.

आता पितळेकडे वळू. जळगाव जिल्ह्यात राहून पुंगळी परकी म्हणणं बरोबर नाही. भुसावळच्या पुढे वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना १९६४ सालचा, चीनच्या युद्धानंतरच्या घाईतला. ७.६२ आणि ५.५६ मिलिमीटरची काडतुसं ही त्याची ओळख. २०२१ च्या ऑक्टोबरात देशभरच्या आयुध निर्माणींच्या कंपन्या झाल्या, तेव्हा वरणगाव म्युनिशन्स इंडिया या पुण्याच्या कंपनीकडे गेलं. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत 'फॅक्टरीत आहे' म्हटलं की वरणगाव किंवा भुसावळ हेच समजतात. त्या कामगारांच्या घरचं पितळ आमच्या दुकानातून गेलं आहे आणि त्यांच्या हातून निघालेलं पितळ सीमेवर. धातू तोच, प्रमाणात थोडा फरक. पुंगळीचं पितळ म्हणजे शंभरात सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. हे प्रमाण उगाच आलेलं नाही. इतकं जस्त असलेलं पितळ न फाटता सगळ्यात जास्त ओढलं जातं. पत्र्याच्या चकतीची आधी वाटी होते, मग ती वाटी एकामागून एक साच्यांतून ओढत लांब करतात. प्रत्येक ओढीला पितळ कडक होत जातं. म्हणून मधे मधे भट्टीत तापवून मऊ करायचं, तापवल्यावर चढलेली काळी साय सौम्य गंधकाम्लात उतरवायची, धुवायची, पुन्हा ओढायची. तांबट हातोडीनं करतो तेच हे काम : पत्रा ठोकला, कडक झाला, तापवला, मऊ झाला. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर हे पुस्तक न वाचता सांगेल.

म्हणजे पुंगळीची पहिली अंघोळ कारखान्यातच होते आणि ती ओली असते. पुढे ती बंदुकीत जाऊन आली की काळी होते. जुन्या काळच्या काळ्या दारूची राख ओलावा ओढून घेई आणि पितळ खाई. म्हणून त्या वेळचे शिकारी घरी आल्याबरोबर पुंगळ्या गरम पाण्यात टाकत. नंतर धूर न करणारी दारू आली, तेव्हा नवंच दुखणं निघालं. टोपीतल्या मसाल्यात पारा असे. काळ्या दारूच्या राखेत तो जिरून जाई; नव्या दारूत राखच नाही, तेव्हा पारा थेट पितळेत शिरला आणि पुंगळी पापडासारखी ठिसूळ झाली. ती धुऊन बरी होईना. अमेरिकेच्या सैन्यानं १८९८ च्या सुमारास पारा सोडला तो यामुळे. पाठोपाठ क्लोरेटचा मसाला आला. त्याचं मीठ नळीला गंज चढवी, पण ते पाण्यात विरघळे. त्यामुळे पाणी पुन्हा गरजेचं झालं. आजच्या मसाल्यात बहुतेक ठिकाणी शिसं असतं. ते नुसत्या पाण्यानं जात नाही, फडक्यानं जात नाही, डोळ्यांना दिसत नाही. त्याच्याकडे पुढे येतो, कारण ओल्या-कोरड्याच्या भांडणात मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि भांडणारे ते शेवटी आठवतात.

मधे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ती आपल्या पावसाळ्याची आहे. इंग्रजांच्या फौजेनं हिंदुस्थानात काडतुसांचे साठे ठेवले होते. पावसाळा आला की त्यातल्या काही पुंगळ्या मानेजवळ आपोआप चिरायच्या. कोणी हात लावला नाही, उडवल्या नाहीत, पेटीत पडल्या पडल्या तडकल्या. पावसाळ्यात होतं म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग असं नावच पडलं. उलगडा झाला तो १९२१ साली, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांच्या निबंधात. काडतुसं घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेली असत. घोड्याच्या मुतातून अमोनिया निघे, पावसाळी हवेतल्या ओलाव्यात तो मिसळे, आणि ओढून ओढून ताणलेल्या पितळेच्या कणांच्या मधल्या सांध्यात शिरे. तीन गोष्टी एकत्र आल्या की चीर : आतला ताण, ओलावा, अमोनिया. उपायही मग सोपा निघाला. पितळ हलकंसं तापवून आतला ताण उतरवायचा.

आमच्या दुकानात गोठ्याला लागून असलेल्या खोलीतली पितळी घागर काठाला तडकून आली, की आम्ही 'माल हलका निघाला' म्हणून गिऱ्हाइकाची समजूत घालत होतो. मालात खोट नसावी. खोट गोठ्यात असावी. आज त्या गिऱ्हाइकांची माफी मागायची तर त्यातले निम्मे वर गेलेत.

या गोष्टीचा धडा सफाईशी थेट लागतो. बकलं आणि बिल्ले चमकवायची जी पातळ पॉलिशं येतात, त्यांतल्या काहींचं झाकण उघडलं की नाकात झणका बसतो. तो झणका अमोनियाचा. बकलाला ते चालतं, कारण बकलाला ताण नाही. पुंगळीला ते लावू नये. भाच्याला मी पहिली ठाम गोष्ट सांगितली ती ही, आणि त्यानं कपाटातली बाटली त्याच दिवशी टाकली.

आता कोरडा घोळ. 'घोळणं' हा शब्द मी मुद्दाम घेतला आहे. संक्रांतीचा हलवा परातीत घोळतात, गहू सुपात घोळतात, तसंच हे. एक पातेलं, त्याखाली वजन एका बाजूला कलतं असलेली मोटर. मोटर फिरली की पातेलं थरथरतं आणि आतला भुसा उकळत्या खिरीसारखा गोल वर येत राहतो. पुंगळ्या त्यात तीन-चार तास, कधी रात्रभर पोहतात. भुसा कशाचा? अमेरिकेत दोन प्रकार चालतात : अक्रोडाच्या टरफलाचा भरड चुरा आणि मक्याच्या कणसाचा. अक्रोड धारदार, तो मळ कातरतो. मका मऊ, तो तेल शोषतो आणि चकाकी देतो.

हे ऐकल्यावर मी हसलो. दाणे काढून उरलेलं कणीस! आमच्याकडे त्याला बुरकुंड म्हणतात, आणि मळणीनंतर त्याचे ढीग बांधाला पडतात. बायका ती चुलीला नेतात, उरलेली पावसात कुजतात. तिकडे तोच माल दळून, चाळून, पिशवीत भरून किलोवर विकतात. मी गिरणीवाल्याची विनवणी करून पाच किलो बुरकुंडं भरडून आणली. त्याच्या गिरणीतून पुढचे दोन दिवस ज्वारीच्या पिठाला मक्याचा वास येत होता, त्याबद्दल गावानं मला सोडलं नाही. भरड चाळून साखरेच्या दाण्याएवढी ठेवली. पीठ राहिलं तर नुसता धुरळा उडतो. दाणा मोठा राहिला तर पुंगळीच्या बुडाच्या छिद्रात अडकतो. ते छिद्र दोन मिलिमीटरचं असतं, एवढं लक्षात ठेवलं की चाळणी निवडता येते.

पुंगळ्या माझ्याकडे नव्हत्या, असणारही नाहीत. मी घोळवली ती निरांजनं, घंटेचे लोळे, जुन्या नळाच्या तोट्या, बैलांची घुंगरं. चार तासांनी बाहेरून छान निघाली. आत मात्र जशीच्या तशी. तोटीच्या वळणात, घुंगराच्या पोटात भुसा पोचतो पण घासत नाही. घासायला दोन बाजूंनी रेटा लागतो, पोकळीत तो मिळत नाही. भाच्याचंही तेच म्हणणं होतं. बाहेरून आरसा, आत काजळी, आणि बुडातला टोपीचा खळगा तर काळाकुट्ट. कोरड्या पंथाचे लोक यावर म्हणतात, आतली काजळी कोणाला नडते? त्यांचं उत्तर उडवून लावण्यासारखं नाही. काजळीचा पातळ थर मानेत राहिला तर गोळी बसताना सरकते चांगली. लखलखीत धुतलेल्या पितळेत कोरडी गोळी अडखळते, काही महिने तशीच राहिली तर पितळ आणि गोळीचं तांबं एकमेकांना धरून बसतं. नेमबाज मग धुतलेल्या मानेला मुद्दाम ग्रॅफाइटची पूड लावतात. आधी काजळी धुवायची, मग पैसे देऊन काळी पूड लावायची. आमच्या दुकानावर असं गिऱ्हाईक आलं असतं तर आम्ही चहा पाजला असता.

ओला घोळ वेगळ्या घराण्याचा. तो जळगावच्या सराफ बाजारात कोणाही सोनाराला नवा वाटणार नाही. रिठ्याच्या पाण्यात दागिना ब्रशानं घासणं हे त्याचं हाताचं रूप. साबणपाण्यात पोलादी गोळ्या घालून पिंप फिरवणं हे यंत्राचं. पुंगळीवाल्यांनी गोळ्यांच्या जागी बिनगंजी पोलादाच्या पिना घेतल्या. सव्वा मिलिमीटरहून किंचित कमी जाडीच्या, साडेसहा मिलिमीटर लांबीच्या. त्या आत जातात, कोपऱ्यात टोचतात, खळगा खरवडतात. प्रचलित माप असं की सव्वादोन किलो पिना, किलोभर पुंगळ्या, पावणेचार लिटर पाणी, साबणाचे दोन-चार थेंब आणि सायट्रिक ॲसिडची चिमूट. पिंप आडवं ठेवून दीड-दोन तास फिरवायचं. टोपी आधीच काढलेली हवी, नाहीतर खळगा साफ होणार कसा.

कुलरच्या मोटरची माझी चूक इथली. ती मिनिटाला शेकड्यानं फिरते, मी पट्टा लावून थोडी उतरवली आणि खूश झालो. पिंप गरागरा फिरलं, आवाज मात्र येईना. तासानं उघडलं तर माल जसाच्या तसा. वीस सेंटिमीटर व्यासाच्या पिंपाला मिनिटाला ९५ फेऱ्या ही लक्ष्मणरेषा. त्यापुढे आतलं सगळं भिंतीला चिकटून पिंपाबरोबर फिरतं, घसरून खाली पडतच नाही. घोळ होतो तो पडण्यानं. चाळीस-पन्नास फेऱ्यांवर आणलं तेव्हा कुठं खळखळ ऐकू आली. नव्वदीच्या घरातली आई ओट्यावर येऊन म्हणाली, "हाई काय शे भो?" मी म्हटलं, भांडी घासतोय. तिनं पिंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेली.

दुसरी चूक जास्त शिकवून गेली. सायट्रिक ॲसिड म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल. चिमटीनं एवढं उजळतं तर मुठीनं किती, असा विचार केला. शिवाय भडगावच्या माणसाला लिंबाचं काय कौतुक. भाव पडला की बागेतली लिंबं तोडणीलासुद्धा परवडत नाहीत. मूठ टाकली आणि झोपलो. सकाळी पिंपातून गुलाबी तोट्या निघाल्या. आंबट पितळेवरचा काळा थर खातं तोवर ठीक. तो संपला की ते जस्ताकडे वळतं. जस्त गेलं की वर उरतं तांबं, तेही भुसभुशीत. लोकांचं पितळ उघडं पडतं, माझं तांबं उघडं पडलं. हा रंग पुसून जाईलही, पण पुंगळीच्या बाबतीत ती पुंगळी टाकून देणं बरं. आमच्या बायका चिंच लावून ठेवून देत नाहीत, लावतात आणि लगेच धुतात, त्यामागचं शहाणपण मला सत्तरीला यंत्रातून कळलं.

राख आणि चिंच यांचं काम वेगळं, असं भाच्याला म्हटलं होतं, तेही इथं पुरं करतो. राखेत पोटॅशचा खार असतो. तो तेलकटपणा तोडतो, बारीक कण मळ खरडतात. चिंचेतलं आम्ल कळकलेला थर विरघळवतं. एक तेलाशी भांडतं, दुसरं गंजाशी. कानबाईच्या सणाआधी आमच्याकडे घर सारवून निघतं, रंग लागतो, आणि माळ्यावरचे तांब्या-पितळेचे हंडे, कळशा, ताटं ओट्यावर येतात. तेव्हा आधी राख आणि मागून चिंच हा क्रम चुकत नाही. नंतर ठाण्याच्या प्रभुदेसाईंची पितांबरी आली आणि दोन्ही कामं एका पुडीत शिरली. आजच्या पिंपातला साबण म्हणजे राख आणि लिंबूफूल म्हणजे चिंच. पिना म्हणजे बाईचा अंगठा. तो अंगठा कुठं जोर द्यायचा आणि कुठं थांबायचं हे जाणायचा, पिना जाणत नाहीत. दोन तासांचे सहा तास केले तर त्या पुंगळीच्या तोंडाची कड ठोकठोकून चपटी करतात, तिला आत-बाहेर ओठ फुटतो, मग ती कड पुन्हा कातरावी लागते.

पिना सांडतात, हे आणखी एक. बुडाच्या छिद्रात एक पीन सुटून जाते, दोन शेजारी शेजारी शिरल्या की पाचर बसते. त्या किंचित चुंबकाला लागतात म्हणून चुंबकानं गोळा करता येतात, तरी एकेक पुंगळी उजेडाकडे धरून पाहावीच लागते. माझ्या एका घुंगरात एक पीन कायमची राहिली आहे. तो बैल आता दोन सुरांत वाजतो.

राहिलं वाळवणं. थंड मुलखात या एका गोष्टीवर लोक यंत्रं विकत घेतात, फळं सुकवायच्या पेट्या आणतात. आम्ही चैत्रात पत्र्यावर पसरलं, तासाभरात हात लावता येईना. खानदेशच्या उन्हाची कोणी तारीफ केल्याचं मला आठवत नाही, ती मी इथं करून ठेवतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग मात्र राहतात. शेवटचं खंगाळणं पावसाच्या साठवलेल्या किंवा गाळणी यंत्रातल्या पाण्यानं करावं. श्रावणात हे सगळं उलटतं. खळग्यात थेंब राहतो, दोन दिवसांत हिरवी कड येते. तेव्हा भट्टीत शंभर अंशांच्या आसपास अर्धा-पाऊण तास पुरे. गॅसवर, चुलीवर, निखाऱ्यावर पुंगळी ठेवू नये. मान मऊ झाली तर चालतं, बूड मऊ झालं तर नाही, आणि दाब सोसायचा असतो तो बुडालाच.

आता शिसं. उडवलेल्या टोपीचं शिसं धुरकट पुडीच्या रूपात पुंगळीत बसलेलं असतं. कोरड्या घोळात ते भुशात उतरतं, भुसा काळपट होत जातो, आणि तो चाळताना, ओतताना जो ढग उठतो त्यात ते असतं. ते नाकातून जातं, हाताला लागून पोळीबरोबर जातं. लहान मुलांच्या मेंदूला ते कायमचं नुकसान करतं. 'इतकं चालेल' अशी त्याची पातळी डॉक्टर सांगत नाहीत. ज्या घरात पोर रांगतं त्या घरात कोरडा घोळ चालवणाऱ्याला मी मूर्खच म्हणेन, मग तो टेक्सासातला माझा भाचा का असेना. त्याचं पातेलं जेवणघराला लागून होतं. आता ते अंगणातल्या शेडमधे गेलं, झाकण लागलं, भुशात तिकडे कपडे वाळवताना घालतात त्या सुवासिक पट्टीचे वापरलेले तुकडे धूळ धरायला टाकतो, चाळताना मुखपट्टी लावतो आणि भुसा जरा ओलसर करून मगच ओततो.

ओल्या घोळात धूळ नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण आणि तो खरा आहे. पण पिंप उघडून पाहा. चार लिटर काळं पाणी. त्यात साबण, तांबं, जस्त आणि तेच शिसं. खंगाळायचं पाणी वेगळं, दोन बादल्या धरा. शिसं पुंगळीतून गेलं, जगातून नाही. भाच्याच्या गावात ते कुठं द्यायचं याची सोय असते. भडगावात ते गटारीत जाईल, गटार नाल्याला, नाला गिरणा नदीला. उन्हाळ्यात आम्ही त्याच गिरणेत धरणाचं आवर्तन कधी सुटतं याची वाट बघत बसलेले असतो. मी ते पाणी उघड्या टोपात उन्हात आटवतो. खाली राहतो तो काळा गाळ डब्यात बंद करून ठेवतो. दोन वर्षांत अर्धा डबा भरला आहे. माझ्या तोट्यांत आणि घुंगरांत टोपीचं शिसं नव्हतं, तरी वापरातल्या पुष्कळ पितळेत कापायला सोपं जावं म्हणून थोडं शिसं घातलेलं असतंच.

तेव्हा मामाचा निकाल असा. बाहेरून उजळ आणि मापात बसणारी पुंगळी एवढंच हवं असेल, घोळ घराबाहेर असेल आणि माणूस शिस्तीचा असेल, तर कोरडा पुरतो. पाणी लागत नाही, आणि आमच्यासारख्या मुलखात हे वजन लहान नाही. खळगा आणि पोट आतून स्वच्छ हवं असेल, जुनं, चिखलात पडलेलं, कळकलेलं पितळ हाती आलं असेल, तर ओल्याला पर्याय नाही, फक्त आंबट चिमटीत राहू द्या आणि घड्याळ समोर ठेवा. चकाकीवरून निवड करू नये. चकाकी दोन्हीकडे मिळते, आणि पुंगळीला तिचा काही उपयोग नाही. मी भाच्याला ओला घोळ सुचवला, कारण त्याच्या घरी दीड वर्षांची मुलगी आहे. मूल नसतं तर बुरकुंडाचा भुसा पाठवला असता.

पुढच्या पानांत पिंपाची मापं, फेऱ्यांचा हिशेब, चाळण्यांचे नंबर आणि माझ्या बिघडलेल्या तोट्यांचे फोटो आहेत. भांडीवाले, देवळाच्या घंटा-समया सांभाळणारे, नळाचे कारागीर यांनाही त्यातलं बरंच कामी येईल. कोणाला यात चूक सापडली तर दुकानावर येऊन सांगावी, दुकान आता मुलगा चालवतो पण मी सकाळी असतो. आणि एक विनंती : प्रयोग कराल, तर पिंपातलं काळं पाणी मोरीत ओतू नका. आटवा, आणि डबा सांभाळून ठेवा.

भडगाव, आखाजी